गाडी कोण चालवत होतं

दंडाची नोटीस दुपारच्या टपालाने आली. संध्याकाळपर्यंत घरात कुणी तिच्याबद्दल चकार शब्द काढला नाही. रात्रीची जेवणं उरकल्यावर भावाने ती मिठाच्या बाटलीला टेकवून टेबलावर उभी केली, आणि मग सगळे तिच्याकडे असे बघत बसले, जणू पाचवं माणूस जेवायला आलंय.

नोटिशीवर फोटो होता. लाल सिग्नल, चौक, आणि मागून दिसणारी त्यांची राखाडी गाडी. नंबर स्वच्छ वाचता येत होता. चालवणाऱ्याचं डोकं सीटच्या उशीमागे झाकलं गेलं होतं. खाली दंडाची रक्कम, आणि तिच्याखाली मोकळी जागा: गाडी कोण चालवत होतं ते लिहून सही करावी.

"ताई, तुझं लायसन्स अजून चालू आहे ना?" भावाने विचारलं.

"आहे की. मागच्या वर्षी डोळे तपासून नवं करून आणलं."

"पण गाडी चालवतेस कुठे तू?"

"तू किल्ली देतोस कुठे?" ती म्हणाली, आणि सगळे हसले.

भाऊ-भावजय सोडली तर तिला सगळे आत्याच म्हणत. लग्न केलं नव्हतं. वडिलांच्या आजारपणात त्यांना दवाखान्यात ने-आण करायला म्हणून ती गाडी शिकली, वडील गेले, आणि ती भावाच्या संसारात राहिली ती राहिलीच. स्वयंपाकघरामागच्या खोलीत तिची खाट होती आणि खाटेशेजारी घरातलं कपडे धुण्याचं यंत्र. दिवसभर ती एका पडद्यांच्या दुकानात पडदे शिवायची. भावाचा एकुलता एक मुलगा तिच्याच अंगाखांद्यावर वाढला होता. चांगला दाढीमिशीचा झाला तरी घरात तो अजून सोन्याच होता.

सोन्याची बंदराच्या खात्यात निवड झाली होती. नेमणुकीचं पत्र यायचं होतं, त्याआधी चौकशी चालू होती. नावावर एक जरी गुन्हा निघाला, तरी फाईल तळाला जाते, असं त्याच्या कुणीतरी मित्राने सांगितलं होतं.

"सिग्नल तोडला, एवढंच ना?" आत्याने सोन्याकडे बघून विचारलं.

सोन्या संत्रं सोलत होता. "एवढंच गं. पहाटेची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. उगाच कशाला थांबायचं?"

"वन्सं, तुम्हाला कुठे आता नोकरी धरायचीय," भावजय म्हणाली. "एक सही तर करायची."

आत्याने चष्मा लावला आणि सही केली. सोन्याने संत्र्याची फोड तिच्या तोंडात घातली. "माझी आत्या म्हणजे आत्या!" तो म्हणाला. फोड आंबट होती, पण तिने ती कौतुकाने खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दुकानातून तासभर सुट्टी घेऊन ती दंड भरायला गेली. त्या कचेरीत खुर्च्या जमिनीला ठोकून टाकलेल्या होत्या आणि काचेच्या खिडकीला बोलण्यासाठी ठेवलेलं भोक इतकं खाली होतं, की प्रत्येकाला वाकूनच बोलावं लागे. रांगेत लोक सरकारला शिव्या घालत होते. आपली पाळी आली की मात्र त्यांच्या बोलण्यात साखर यायची.

"गाडी तुम्हीच चालवत होतात?" खिडकीतल्या कारकुनाने विचारलं.

"हो."

"या वयात एवढी घाई?"

मागचे लोक हसले. आत्याही हसली. आपण भरधाव गाडी चालवतो असं कुणालातरी वाटलं, याचा तिला थोडा आनंदच झाला. पैसे तिने स्वतःच्या पर्समधून भरले. देतो म्हणालेला भाऊ नंतर विसरला, आणि तिनेही आठवण करून दिली नाही.

मग एके दिवशी पोलीस पडद्यांच्या दुकानात आले. ती शिडीवर उभी राहून एका गिऱ्हाइकाला कापड उलगडून दाखवत होती. तिला उतरायला सांगितलं. दुकानाच्या मालकाने कापडाची घडी तिच्या हातातून काढून घेतली, कारण ती सोडेचना.

पोलीस ठाण्यात तपास करणारी अधिकारी एक तरुण बाई होती. तिला सर्दी झाली होती आणि दर वाक्यानंतर ती नाक पुसत होती. तिने तोच फोटो टेबलावर ठेवला.

"या चौकाच्या पुढच्या वळणावर रस्ता झाडणाऱ्या एका बाईला त्या दिवशी पहाटे गाडीने उडवलं. पाय कापावा लागला. गुडघ्याच्या वर."

आत्याला वाटलं, ही दुसऱ्याच कुणाशी बोलतेय.

"कॅमेऱ्याचे फोटो आधी दंडाच्या खात्याकडे जातात. आमच्याकडे यायला वेळ लागतो, नाहीतर तुम्हाला तेव्हाच उचललं असतं. त्या वेळात त्या रस्त्याने एकच गाडी गेली. तुमची. आणि चालवत तुम्ही होतात." अधिकारी बाईने फोटोवर बोट ठेवलं. "हे मी म्हणत नाही, तुम्हीच लिहून दिलंय. पैसेही भरलेत."

"मला घरी जाऊन येऊ द्या," ती कशीबशी म्हणाली.

अधिकारी बाईने तिच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. ही पळून जाणार नाही एवढं तिला कळलं असावं. "उद्या सकाळी या. वकील घेऊन या."

घरी सोन्या नव्या बुटांना पॉलिश करत बसला होता. आत्या दारातच उभी राहिली.

"तुला माहीत होतं?"

'काय?' असं त्याने विचारलं नाही. ब्रश तेवढा थांबला. "मला वाटलं कुत्रं असेल."

"सोन्या."

"खरंच वाटलं. म्हणून तर उतरलो बघायला."

"म्हणजे पाहिलंस तिला."

त्याने ब्रश पुन्हा बुटावर फिरवला.

"बोलत होती ती?"

"पाणी मागत होती," सोन्या म्हणाला. "माझ्याकडे पाणी नव्हतं, आत्या."

ती भिंतीला टेकली. काहीतरी मोठं बोलावं असं तिला वाटत होतं, पण तोंडातून भलतंच निघालं. "आणि मला संत्रं भरवलंस."

आवाज ऐकून भाऊ आतून आला. भावजय आली ती आधी खिडकी लावायला गेली. दोघांच्या तोंडाकडे बघून आत्याला कळलं, की नवीन बातमी घेऊन आलेली या घरात ती एकटीच आहे. भावाने तर गाडीचा पुढचा बंपर शहराच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बदलूनही आणला होता.

"ओरडू नकोस," भाऊ म्हणाला. तिने आवाजही चढवला नव्हता. "मी वकिलाशी बोललोय. बाईमाणूस, वय झालेलं, पहिलाच गुन्हा. आत टाकणार नाहीत. दंड करतील, लायसन्स घेतील. तुला काय करायचंय लायसन्स? त्याचं सगळं आयुष्य पुढे आहे, ताई."

"आणि माझं?"

"तुझं काय?" भाऊ म्हणाला.

तिला दुखवायला म्हणून तो हे बोलला नव्हता, आणि तेच वाईट होतं. प्रश्न त्याला खरोखरच कळला नव्हता. कपाळाला आठी घालून तो उत्तराची वाट बघत होता, एखाद्याने अर्धंच वाक्य बोलून सोडून द्यावं तसा.

सकाळी ती एकटीच पोलिसांकडे गेली आणि जे होतं ते सांगितलं. अधिकारी बाईने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे आधी खोटं लिहून दिलंत."

"हो."

"आता बोलताय ते तरी खरं कशावरून?"

"घरच्यांना विचारा. त्या वेळी मी माझ्या खाटेवर होते. भावजयीला माहीत आहे. ती पहाटे कपडे धुवायला टाकायला माझ्या खोलीत आली होती. यंत्राच्या आवाजाने मी उठले."

हे सांगताना तिला धीर आला होता. नवऱ्याची बाजू भावजय घेईल, मुलाचीही घेईल, पण पोलिसांसमोर बसून धडधडीत खोटं बोलायचं म्हणजे काळीज लागतं, आणि भावजय तर झुरळालाही भिणारी बाई.

घरच्यांचे जबाब झाले. नंतर अधिकारी बाईने ते तिला वाचून दाखवले.

भावाने सांगितलं होतं: बहीण वर्षभरापासून विसरायला लागली आहे. गॅस चालू ठेवते. गाडीची किल्ली लपवून ठेवावी लागते. आम्ही घरातल्या घरात सांभाळून घेत होतो.

भावजयीने सांगितलं होतं: पहाटे मी उठले तेव्हा वन्सं बाहेरून आत येत होत्या. अंगात तपकिरी स्वेटर होता, हात थरथरत होते. मी विचारलं तर म्हणाल्या, हवा खायला गेले होते. मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि चहा करून दिला.

आत्या ते पुन्हा वाचायला लावून ऐकत राहिली. स्वेटर तिचाच होता. त्या पहाटे चहाही झाला होता, फक्त तो तिने भावजयीला करून दिला होता. कपडे फिरेपर्यंत दोघी खाटेवर बसून तो प्यायल्या होत्या, आणि भावजय म्हणाली होती, वन्सं, तुमच्या हातचा चहा म्हणजे चहा.

सोन्याचा जबाब एका ओळीचा होता. मी झोपलो होतो.

"बाई," अधिकारी नाक पुसत म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज जरा मऊ होता, "तुम्ही डॉक्टरांना दाखवलंय का कधी?"

खटला लांबला नाही. पाय गेलेल्या बाईला कुबड्यांवर आणलं होतं. ती आत्याच्याच वयाची असेल, पण खांदे रुंद, पंजे मोठे. गाडी चालवणाऱ्याचा चेहरा पाहिला का, असं तिला विचारलं. तिने आत्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. मग म्हणाली, "नाही. अंधार होता."

न्यायाधीशांनी आत्याचं वय बघून तुरुंग टाळला. लायसन्स कायमचं रद्द केलं आणि मोठा दंड लावला. गरीब आहे म्हणून तो हप्त्याहप्त्याने भरायची सवलत दिली. शेवटी त्यांनी चष्मा काढला आणि निकालात नसलेलं थोडं स्वतःचं बोलले. चूक कुणाच्याही हातून होते, ते म्हणाले, पण आपल्याच घरातल्या, स्वतःच्या हाताने वाढवलेल्या मुलावर आळ घ्यायचा, याला काय म्हणावं? समोरच्या बाकावर भावजय रडत होती. तिच्या शेजारच्या अनोळखी बाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

आत्या त्याच घरात परतली. जाणार कुठे? पहिला हप्ता जवळ आला तेव्हा तिने भावाला विचारलं. भावाने हात वर केले. "मी तिकडे एवढे भरले ना," तो म्हणाला. तिकडे म्हणजे कुठे, ते त्याने सांगितलं नाही.

ते तिला दंडाच्या कचेरीतच कळलं. ती रांगेत उभी होती. पुढे कुबड्या टेकून तीच झाडूवाली उभी होती. विजारीच्या एका पायातून नवा, गुळगुळीत, मेणाच्या रंगाचा पाय खाली बुटात गेला होता. आत्या रांग सोडून निघणार, तेवढ्यात तिने मान वळवली.

"जाऊ नका. मी काय चावतेय?"

"तुम्ही इथे कशाला?" आत्याला दुसरं काही सुचलं नाही.

"दंड भरायला. त्या पहाटे माझी कचऱ्याची ढकलगाडी रस्त्यात आडवी पडलेली होती म्हणून. येण्याजाण्याला अडथळा." ती हसली. तिचा एक दात पडलेला होता. "मी पण आडवीच पडले होते. माझा वेगळा नाही लावला, एवढी मेहेरबानी."

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी नव्हते हो गाडीत. कुणाला पटत नाही, पण मी नव्हते."

"ठाऊक आहे."

"काय?"

"तुम्ही नव्हता. पोरगा होता. दिव्याच्या उजेडात उभा राहून बघत होता माझ्याकडे. आता समोर आला तरी ओळखीन." ती हे असं सांगत होती, जसं कुणी बसची वेळ सांगावी. "कोर्टात तुमच्या मागेच बसला होता की."

आत्याने तिच्या कुबडीला हात घातला. "मग बोलला का नाहीत? एका शब्दाचं काम होतं!"

"तुमचा भाऊ आला होता दवाखान्यात. एकदा सोडून चारदा. म्हणाला, पोराचं नाव आलं तर आम्ही वकील लावू, वर्षानुवर्षं लढू, तुला दमडी मिळणार नाही. नाव नाही आलं तर हा पाय." तिने नव्या पायावर कुबडी आपटली. टक असा पोकळ आवाज झाला. "सरकारी पाय मिळतो तो लाकडाचा ओंडका असतो. त्याने झाडायचं काम होत नाही. हा वाकतो. मी तुमच्याकडे बघितलं तिथे, आणि पायाकडे बघितलं. तुम्ही काय केलं असतं?"

आत्याचा हात अजून तिच्या कुबडीवरच होता.

"हात काढा," झाडूवाली म्हणाली. "तोल जाईल माझा."

तिची पाळी आली. कुबड्यांवरून वाकता येत नव्हतं म्हणून तिला खिडकीच्या भोकाशी बोलता येईना, आणि काचेआडच्या कारकुनाला ऐकू जाईना. शेवटी आत्याच पुढे झाली, वाकली आणि तिचा दंड काय, कशाचा, ते तिच्या वतीने सांगितलं. पावती झाडूवालीने खिशात कोंबली आणि आभार न मानता निघून गेली.

सोन्याला नोकरी लागली. मागोमाग लग्नही ठरलं. मुलीकडचे जेवायला येणार होते त्या दिवशी भावजयीने आत्याला स्वतःचे कानातले घालायला दिले. त्या काळात घरातले सगळेच तिच्याशी फार गोड वागत होते. कुणी तिच्या अंगावर शाल टाकी, कुणी जिन्यात हात धरी. गंमत म्हणजे त्यांचं त्यांनाच आता सगळं खरं वाटू लागलं होतं. भाऊ गॅस पुन्हा पुन्हा तपासायला उठायचा. भावजय एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "वन्सं, तुमच्यापायी काय काय सोसलं हो आम्ही," आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी खोटं नव्हतं.

जेवताना मुलीच्या वडिलांनी विषय काढला. ते सरळ माणूस होते, झाकून ठेवणं त्यांना जमत नसावं. "कानावर आलं होतं काहीतरी अपघाताचं..."

सोन्याने चमचा खाली ठेवला. आत्याच्या हातावर हात ठेवून तो म्हणाला, "वय झालंय हो तिचं. दिसलं नाही. आम्ही तिला कधीच दोष दिला नाही." मग तिच्याकडे वळून, अगदी मायेने, "फक्त आत्या, तू थांबायला हवं होतंस. ती बाई पाणी मागत होती."

टेबलाभोवती सगळे हळहळले. आत्या त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याच्या चेहऱ्यावर तिने लाज शोधली, भीती शोधली. तिथे तिच्याबद्दलची दया होती, दुसरं काही नव्हतं.

"गाडी हा चालवत होता," ती म्हणाली. मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून. "हा उतरला, त्याने तिला पाहिलं आणि परत गाडीत बसला. आता विचारा त्याला, ती पाणी मागत होती हे याला कसं कळलं."

मुलीच्या वडिलांनी सोन्याकडे पाहिलं.

"वन्सं," भावजय हळूच म्हणाली, "आजची गोळी राहिली वाटतं तुमची?"

आत्या कसलीच गोळी घेत नव्हती. पण मुलीच्या वडिलांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. तिला स्पष्ट दिसलं, त्या माणसाचा जीव भांड्यात पडला. एक चांगली नोकरी, एक चांगलं घर, झालेली बोलणी, आणि एक म्हातारी. निवडायला त्यांना फार वेळ लागला नाही. "असू द्या, असू द्या," ते म्हणाले. "माझ्या आईचंही शेवटी असंच झालं होतं."

मुलगी उठली. भली पोर होती. स्वयंपाकघरातून पेलाभर पाणी आणून तिने आत्याच्या ओठांना लावलं आणि तिच्या केसांवरून हात फिरवला. "बरं वाटतंय का आता?" तिने विचारलं. आत्या पाणी प्यायली. सगळे बघत होते, आणि न प्यायली असती तर तेही त्यांच्याच बाजूने धरलं गेलं असतं.

लग्नाआधीच ती घर सोडून गेली. पडद्यांच्या दुकानामागच्या गल्लीत एक बाई खोल्यांतल्या खाटा भाड्याने द्यायची; तिथली एक खाट आत्याने घेतली. खोलीत अजून दोघी जणी, एक परिचारिका आणि एक शिवणकाम शिकणारी. जाताना तिने कुणाशी भांडण केलं नाही. कानातले भावजयीच्या उशीवर ठेवले.

काही महिन्यांनी भाऊ तिथे आला. जिन्याने धाप लागली होती. दारातच उभा राहून तो म्हणाला, "चल आता घरी. लोक विचारतात, ताई कुठे आहे म्हणून. काय सांगायचं मी?"

"सांग, विसरली," आत्या म्हणाली. "घरचा पत्ताच विसरली म्हणावं. पटेल त्यांना."

भाऊ तिच्याकडे बघत राहिला. ती चिडून बोलली, का थट्टा केली, का खरंच तिला काही आठवत नाही, ते त्याला ठरवता येईना. त्याच्या डोळ्यांत चक्क काळजी दिसली.

"सध्या कुठलं औषध चालू आहे?" त्याने विचारलं.

आत्याने दार लावून घेतलं. बाहेर तो बराच वेळ उभा होता, मग त्याची पावलं जिना उतरून गेली. परिचारिकेने खाटेवरून मान वर करून विचारलं, कोण होतं? पत्ता चुकला होता कुणाचा तरी, असं सांगून आत्याने पर्स घेतली, कारण हप्त्याचा दिवस होता आणि जेवणाच्या सुट्टीनंतर खिडकीवर फार गर्दी होते.